मातीचा जबाब

जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांना भिंतीला लागलेला लोणा ठाऊक असेल. जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत भिंतीवर पांढरी, भुरभुरीत भुकटी धरते, गिलावा सुटूं लागतो, विटा पोखरतात, आणि घरचीं वडील माणसें 'भिंतीला लोणा लागला' असें म्हणून गवंड्याला बोलावणें धाडतात. गोठ्याच्या आणि न्हाणीच्या भिंतींना हा उपद्रव अधिक. ही भुकटी येते कोठून, असा प्रश्न फारसें कोणी विचारीत नाहीं. ओल वर चढते आणि क्षार बाहेर पडतात, एवढें उत्तर आपल्याला पुरेसें वाटतें. परंतु गोठ्याच्याच भिंतीला लोणा अधिक कां, याचा उलगडा त्या उत्तरानें होत नाहीं. श्रोतेहो, आज जो इतिहास मी सांगणार आहें तो या गोठ्याच्या भिंतीपासून सुरू होतो, आणि आपल्या पिढीच्या एका मोठ्या काळजीपर्यंत, म्हणजे तापत चाललेल्या पृथ्वीपर्यंत, येऊन पोंचतो.

त्या भुकटींत जे नाना क्षार असतात त्यांपैकीं एक म्हणजे सोरा. बंदुकीच्या दारूंत गंधक आणि कोळसा मिळून जेमतेम चवथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से सोराच. तेव्हां ज्याला तोफा डागावयाच्या त्याला सोऱ्यावांचून गति नव्हती. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपच्या लढायांना सोरा पुरविणारा मोठा प्रदेश म्हणजे आपला बिहार. तेथील नोनिया लोक गांवोगांव हिंडून घरांच्या आणि गोठ्यांच्या आसपासची खारी माती खरवडून आणीत, ती पाण्यांत भिजवून निथळीत, तें पाणी आटवून कच्चा सोरा काढीत, आणि पाटण्याच्या पेठेंतून तो डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर चढे. फ्रान्समध्यें तर राजाचे सोरा गोळा करणारे लोक प्रजेच्या तळघरांत आणि तबेल्यांत शिरून जमीन खणून नेत, आणि त्यांना अडविण्याची कोणाची प्राज्ञा नसे.

या सर्व लोकांना एक गोष्ट अनुभवानें पक्की कळली होती. जेथें जनावरांचें मलमूत्र मुरतें, जेथें थोडी ओल, थोडी ऊब आणि पुरेशी हवा असते, तेथें सोरा धरतो. आणि एकदां माती खरवडून नेली तरी कांहीं काळानें तेथेंच तो पुन्हा धरतो. जागा ठाऊक होती, ऋतु ठाऊक होता, कसब ठाऊक होतें. करणारा कोण, एवढेंच ठाऊक नव्हतें. तो मातीचा गुणधर्म आहे, असें समजून सारे गप्प बसले होते.

करणाऱ्याचा माग लागला तो १८७७ सालीं, पॅरिसमध्यें, आणि तोही गटाराच्या पाण्यांतून. श्लोझिंग आणि म्यून्ट्झ या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं एक मीटरभर लांबीची कांचेची नळी घेतली, तींत भाजलेली वाळू आणि चुनखडीची पूड भरली, आणि वरून शहराचें घाण पाणी थेंब थेंब सोडावयास आरंभ केला. त्या पाण्यांत अमोनिया भरपूर होता. सुमारें वीस दिवस खालून तेंच पाणी, तोच अमोनिया बाहेर पडत राहिला. मग एकाएकीं खालच्या पाण्यांत सोऱ्याच्या जातीचे क्षार दिसूं लागले, आणि थोड्याच दिवसांत अमोनिया पार नाहींसा झाला. हें जर निव्वळ रसायनाचें काम असतें तर पहिल्या दिवसापासूनच झालें असतें. वीस दिवस कशासाठीं लागले? कोणी तरी वाढत होतें म्हणून. या तर्काची परीक्षा त्यांनीं फार सुंदर रीतीनें केली. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम तत्काळ बंद पडलें. वाफ काढून टाकली तरी तें आपोआप सुरू होईना. मग बागेंतली चिमूटभर माती पाण्यांत कालवून तें पाणी नळींत ओतलें, आणि थोड्याच दिवसांत सोरा पुन्हा उतरूं लागला. ज्याला क्लोरोफॉर्मची भूल पडते तें सजीव असलेंच पाहिजे. गोठ्याच्या भिंतीवरची भुकटी ही कोणाची तरी कमाई होती. तो कमावणारा डोळ्यांना दिसत नव्हता, इतकेंच.

तो पकडण्याचें काम मात्र सोपें नव्हतें. इंग्लंडमधील वॉरिंग्टन नांवाच्या संशोधकानें अनेक वर्षें खपून असें दाखविलें कीं, हें काम दोन टप्प्यांत होतें आणि प्रत्येक टप्प्याचा कामकरी निराळा आहे. परंतु त्या काळीं जंतु वेगळे करावयाचे तर त्यांना जिलेटीनसारखें पौष्टिक अन्न घालून वाढवावयाचें, ही रूढ पद्धत होती. आणि वॉरिंग्टनचे जंतु त्या पक्वान्नाला शिवत नव्हते. १८९० सालीं झुरिच येथें विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें तें कोडें सोडविलें. त्यानें अन्न वाढविण्याऐवजीं काढून घेतलें. निव्वळ क्षारांचें पाणी ठेविलें, आणि त्यांत जे जगले तेच खरे सोरा करणारे. हे जंतु अमोनियाचें ज्वलन करून त्या शक्तीवर जगतात आणि आपला देह हवेंतल्या कर्बापासून उभा करतात. सूर्यप्रकाशावांचून, वनस्पतींप्रमाणें हवेंतून देह घडविणारा असा जीव असूं शकतो, हें त्यापूर्वीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें.

आतां आपण वॉरिंग्टन जेथें काम करीत असे त्या ठिकाणीं जाऊं. कारण आपल्या कथेचा पुढचा सारा भाग त्या ठिकाणाशीं बांधलेला आहे. लंडनच्या उत्तरेस हार्पेन्डन या गांवीं रॉथमस्टेड नांवाची एक वडिलोपार्जित जहागीर होती. तिचा मालक जॉन लॉज यानें १८४२ सालीं हाडांपासून आणि खनिजांपासून सुपरफॉस्फेट खत करण्याचें पेटंट घेतलें, आणि दुसऱ्याच वर्षीं जोसेफ गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशीं धरून शेतावर प्रयोग मांडले. ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत १८४३ च्या शरदांत गहूं पेरला. एका पट्टीला कांहींच खत नाहीं. एका पट्टीला दरसाल एकरीं चौदा टन शेणखत. बाकीच्या पट्ट्यांना निरनिराळीं रासायनिक खतें. हा प्रयोग पुढें थांबलाच नाहीं. लॉज गेला, गिल्बर्ट गेला, राज्यें बदललीं, दोन महायुद्धें झालीं. पट्ट्या त्याच आणि गहूं तोच. शिवाय वेळोवेळीं त्या मातीचे आणि धान्याचे नमुने बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून, जपून ठेवलेले आहेत. शेतकऱ्याच्या कोठारांत धान्य असतें; येथें कोठारांत गतकाल भरून ठेविला आहे.

या सावध माणसांनींच एकदां एक मोठी चूक केली, आणि ती सांगण्यासारखी आहे. वाटाणा, घेवडा, लवंगगवत असलीं शेंगांचीं पिकें घेतलीं कीं पुढच्या पिकाला जमीन जोरकस लागते, हें जगभरचे शेतकरी जाणत होते. आपल्याकडे ज्वारीच्या पाट्यांत तुरीची ओळ धरणारा शेतकरी तेंच जाणत होता. तेव्हां हीं पिकें हवेंतला नत्र जमिनींत ओढतात कीं काय, हें पाहण्यासाठीं १८५७ व १८५८ सालीं लॉज, गिल्बर्ट आणि त्यांचा अमेरिकन सहकारी प्यू यांनीं कांचेच्या हंड्यांखालीं रोपें लावलीं. आंत जाणारी हवा धुऊन घेतली. मातींत आधींचा नत्र राहूं नये म्हणून ती लालबुंद होईपर्यंत भाजून घेतली. इतकी काळजी घेऊन निर्णय निघाला, तो असा कीं, कोणतेंही पीक हवेंतला नत्र घेत नाहीं. प्रयोगांत हिशेबाची चूक नव्हती. चूक होती ती स्वच्छतेंत! माती भाजतांना त्यांनीं तींतले कामकरीच जाळून टाकले होते.

पुढें जवळजवळ तीस वर्षें हा निर्णय प्रमाण मानला गेला. १८८६ सालीं बर्लिनच्या एका सभेंत हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें आपले आणि आपला सहकारी विल्फार्थ याचे प्रयोग मांडले. नत्र नसलेल्या वाळूंत लावलेले वाटाणे कांहीं कुंड्यांत जोमानें वाढत, कांहींत मरत. परंतु शेतांतल्या मातीचें थोडें पाणी शिंपडलें कीं सगळेच वाढत. आणि तेंच पाणी आधीं उकळून घेतलें तर एकही वाढत नसे. मुळांवरच्या ज्या बारीक गांठी आजवर रोग म्हणून हिणविल्या जात होत्या, त्या नत्र ओढणाऱ्या जंतूंच्या वसाहती ठरल्या. दोन वर्षांनीं हॉलंडमध्यें बायरिंकनें ते जंतु वेगळे करून दाखविले. सत्तरीच्या घरांत आलेल्या लॉज-गिल्बर्टांनीं आपला जुना निर्णय कवटाळून न बसतां प्रयोग स्वतः पुन्हा केले, आणि हेलरीगेल बरोबर असल्याचें मान्य केलें. विद्येच्या इतिहासांत असे प्रसंग थोडे. म्हणून त्यांचें स्मरण ठेवावयाचें.

येथवर मनुष्य मातींतल्या जीवांची ओळख करून घेत होता. यापुढें त्यानें त्यांच्या व्यवहारांत हात घातला. १८९८ सालीं विल्यम क्रूक्स यानें इंग्लंडांत इशारा दिला कीं, जगाची लोकसंख्या वाढते आहे, सोऱ्याचे सांठे सरत आहेत, आणि हवेंतला नत्र कृत्रिम रीतीनें बांधतां आला नाहीं तर गव्हाचा दुष्काळ पडेल. १९०९ सालीं जर्मनींत हाबरनें प्रयोगशाळेंत तें साधलें, आणि १९१३ सालीं बॉशच्या देखरेखीखालीं ओपाऊ येथें अमोनियाचा कारखाना सुरू झाला. गांठींतले जंतु जें काम मुकाट्यानें करीत होते तें आतां पोलादी नळ्यांतून होऊं लागलें. त्याच कारखान्यांनीं पहिल्या महायुद्धांत स्फोटकेंही पुरविलीं, आणि त्याच रीतीनें केलेल्या खतावर आज जगांतलीं सुमारें निम्मीं माणसें जेवतात. तेव्हां या खताला एका वाक्यांत शिव्या देऊन मोकळें होणें हा कृतघ्नपणा ठरेल. परंतु माती या दानाला कसा जबाब देते, हें पाहणेंही तितकेंच अगत्याचें आहे.

रॉथमस्टेडच्याच पार्क ग्रास नांवाच्या कुरणावर हा जबाब डोळ्यांनीं पाहतां येतो. तेथें १८५६ पासून कांहीं तुकड्यांना दरसाल अमोनियाचे क्षार दिले जातात. आपले सोरा करणारे जंतु त्या अमोनियावर तुटून पडतात; त्याचा सोरा करतांना अम्ल सुटतें; आणि वर्षानुवर्षें तें सांचून, जेथें चुना दिला नाहीं तेथें माती इतकी आंबट झाली कीं, तींत गांडुळें टिकलीं नाहींत आणि सामान्य जंतूंचेंही काम मंदावलें. मेलेलें गवत कुजेनासें झालें. पृष्ठभागावर त्याची गादीसारखी जाड पुटें सांचलीं. शंभर प्रकारच्या खटाटोपानें जें आपण वाढवूं पाहतों तें कुजविणारा कोणी उरला नाहीं तर काय होतें, त्याचें तें चित्र आहे. चुना दिलेल्या शेजारच्या तुकड्यांत मात्र असें झालें नाहीं. म्हणजे दोष एकट्या खताचा नव्हे. हिशेब न पाहतां देत राहण्याचा.

दुसरा जबाब डोळ्यांना दिसत नाहीं. पाणी सांचलेल्या, हवा कोंडलेल्या मातींत कांहीं जंतु श्वासासाठीं प्राणवायूऐवजीं सोराच वापरतात, आणि त्यांतला नत्र पुन्हा हवेंत सोडून देतात. गायों आणि द्युप्ती या फ्रेंच संशोधकांनीं १८८६ च्या सुमारास हें दाखविलें. या व्यवहारांत थोडा नायट्रस ऑक्साइड हा वायु निसटतो. जितका सोरा अधिक, तितकी ही निसट अधिक. हा वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें, वजनास वजन, कर्बवायूच्या सुमारें २७० पट उष्णता धरून ठेवतो. कारखाने वाढण्यापूर्वीं हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे सुमारें २७० भाग होते. आज ते ३३५ च्या वर गेले आहेत, आणि या वाढीला सर्वांत अधिक कारण शेतीच आहे. आपण पिकाला वाढलेलें पान अर्धें मातीनें खाल्लें, आणि त्याचा ढेंकर आकाशाला पोंचला, असाच हा प्रकार.

याच सुमारास आपल्या देशांत एका निराळ्या दिशेनें विचार चालला होता. अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथील शेतकी संस्थेंत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले, आणि १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. चीनमधले शेतकरी चाळीस शतकें काडी-कचरा मातीला परत देऊन जमीन राखीत आले, हें त्यांनीं वाचलें होतें. आणि इंदूरच्या कापसाच्या मुलुखांत शेण जळणांत जातें आणि पऱ्हाट्या व पाला वायां जातो, हें ते पाहत होते. त्यांनीं आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं मिळून कंपोस्ट करण्याची जी रीत बसविली ती 'इंदूर पद्धति' म्हणून जगभर गेली. दोघांच्या नांवानें तिचें पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. काडी-कचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, तीन वेळां ढीग उलथावयाचा, आणि सुमारें तीन महिन्यांत खत तयार. ढीग आंतून साठ अंशांच्या वर तापतो, तो कोणी जाळ लावला म्हणून नव्हे, तर आंत राबणाऱ्या अब्जावधि जीवांच्या श्वासानें. हॉवर्ड यांची करामत ही कीं, या जीवांना त्यांनीं मजूर मानलें, आणि मजुराला अन्न, पाणी व हवा वेळेवर मिळेल अशी व्यवस्था लावून दिली. पुढें त्यांनीं रासायनिक खतांवर आणि रॉथमस्टेडच्या रीतीवर कठोर टीका केली. तिच्यांत कांहीं अतिशयोक्ति होती. ब्रॉडबॉकवर शेणखताच्या आणि पुरेशा रासायनिक खताच्या पट्टींत गव्हाचें उत्पन्न शंभरांवर वर्षें जवळजवळ सारखेंच राहिलें आहे.

परंतु उत्पन्न सारखें म्हणजे माती सारखी नव्हे. शेणखताच्या पट्टींतल्या मातींत आज कांहींच न दिलेल्या पट्टीच्या दुपटीहून अधिक कर्ब आहे. आणि याहून हृद्य गोष्ट शेजारच्या हूसफील्ड शेताची आहे. तेथें एका पट्टीला १८५२ पासून १८७१ पर्यंत वीस वर्षें शेणखत दिलें, आणि मग कायमचें बंद केलें. ज्यांनीं तें दिलें ते गेले, त्यांचे नातूही गेले. तरी शंभरांहून अधिक वर्षांनंतरही त्या पट्टींत शेजारच्या पट्टीपेक्षां कर्ब आणि नत्र अधिक सांपडतो. वीस वर्षांचें देणें मातीनें शतकभर लक्षांत ठेविलें.

आतां उष्णतेकडे वळूं. आणि त्यासाठीं कोंकणांत येऊं. भाताचें रोप करण्यापूर्वीं उन्हाळ्यांत शेताच्या तुकड्यावर कवळ, पाला, गोवऱ्या आणि गवत पसरून आपले शेतकरी राब भाजीत आले आहेत. भाजलेल्या राबांत रोप तरारून येतें. तें केवळ राखेमुळें, असें पुष्कळांना वाटे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ सालीं प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १९०९ मध्यें, रॉथमस्टेड येथें रसेल आणि हचिन्सन यांना असें दिसून आलें होतें कीं, राख मुळींच न घालतां माती नुसती तापविली तरी पीक जोरांत येतें. तापविल्यावर जंतूंची संख्या आधीं एकदम उतरते, मग पूर्वींहून कितीतरी वर चढते, आणि मातींत अमोनिया सुटतो. हें कां होतें याबद्दल त्यांनीं जो तर्क केला तो पुढें अपुरा ठरला. मेलेल्या जंतूंचे देहच उरलेल्यांचें अन्न होतात, हें त्यामागचें मुख्य इंगित रॉथमस्टेडच्याच डेव्हिड जेन्किन्सन यांनीं १९६६ च्या सुमारास उलगडून दाखविलें. म्हणजे राबांतल्या त्या हिरव्यागार रोपांतला कांहीं हिस्सा ही मातीची नवी मिळकत नव्हे. ती ठेवींतून केलेली उचल आहे.

याच धाग्यावरून जेन्किन्सन आणि पॉल्सन यांनीं १९७६ सालीं मातींतले जीव तोलण्याची युक्ति काढली. मातीला क्लोरोफॉर्मची वाफ द्यावयाची, मग ती काढून घेऊन, किती कर्बवायु अधिक सुटतो तें मोजावयाचें. त्यावरून मेलेल्यांचें वजन निघतें. ज्या क्लोरोफॉर्मनें १८७७ सालीं 'येथें कोणी आहे' असें सांगितलें, त्यानेंच नव्व्याण्णव वर्षांनीं 'येथें इतके आहेत' असेंही सांगितलें. मग लॉजच्या बाटल्या उघडल्या गेल्या. मातींत कर्ब किती येतो, जंतु त्यांतला किती खर्चतात, किती शिल्लक पडतो, याचें गणित त्या नमुन्यांवरून बसविलें गेलें. आणि १९९१ सालीं जेन्किन्सन यांनीं तेंच गणित साऱ्या पृथ्वीला लावून विचारलें कीं, हवा तापूं लागली तर हे जीव काय करतील?

या प्रश्नाचें वजन समजण्यासाठीं दोन-तीन आंकडे पुरेत. पृथ्वीवरच्या मातीच्या वरच्या एक मीटरांत सुमारें १,५०० अब्ज टन कर्ब आहे. साऱ्या हवेंत सुमारें ८८०. आपल्या गिरण्या, मोटारी आणि विजेचे कारखाने मिळून वर्षाला सुमारें १० अब्ज टन कर्ब हवेंत सोडतात. मातींतले जीव आपल्या श्वासानें त्याच्या कित्येक पट सोडतात. घाबरण्याचें कारण नाहीं, कारण तितकाच कर्ब झाडेंझुडपें परत ओढून घेतात. तराजू समतोल आहे. मात्र दोन्ही पारडीं इतकीं जड आहेत कीं, थोडा कल झाला तरी तो आपल्या साऱ्या धुराच्या बरोबरीचा ठरावा. आणि ऊब मिळाली कीं जंतूंची भूक वाढते, हें तर आपल्या स्वयंपाकघरांतलें आंबवलेलें पीठही सांगतें.

जेन्किन्सन यांचें उत्तर असें कीं, माती ठेवींतला कर्ब सोडील आणि तापण्यांत भर टाकील. त्याच वर्षीं, १९९१ मध्यें, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हार्वर्ड जंगलांत जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा प्रश्न प्रत्यक्ष मातीलाच विचारावयाचें ठरविलें. जमिनींत विजेच्या तारा पुरून, आजूबाजूच्या मातीपेक्षां पांच अंश अधिक ऊब त्यांनीं वर्षानुवर्षें राखली. पहिलीं दहा वर्षें मातींतून कर्बवायु जोरानें सुटत राहिला. मग सुमारें सात वर्षें तो थांबला. तापलेली आणि न तापलेली माती सारखीच दिसूं लागली. कोणी प्रयोग तेथेंच आटोपता तर 'माती रुळली, आतां भय नाहीं' असा निर्णय देऊन घरीं गेला असता. परंतु तो आटोपला नाहीं. पुढें सहा वर्षें कर्बवायु पुन्हा सुटूं लागला. पहिल्या भरांत सोपें अन्न संपलें होतें. मधल्या शांततेंत जंतूंचा समाज पालटला होता. आणि आतां पूर्वीं ज्याला कोणी दांत लावीत नसे असें चिवट द्रव्य पचविणारे पुढें आले होते. त्यानंतर पुन्हा शांतता आली. २०१७ सालीं सव्वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हां वरच्या साठ सेंटिमीटरांतला सहावा हिस्सा कर्ब उडून गेला होता. उत्तर ध्रुवाकडे बारमाही गोठलेल्या मातींत तर कर्बाची याहूनही मोठी ठेव बर्फानें आजवर कुलूप लावून ठेविली होती, आणि तें कुलूप आतां सैल होऊं लागलें आहे.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासांतून मला एकच गोष्ट आपल्यापुढें ठेवावयाची आहे. माती मुकी नाहीं. तिला जें दिलें, जें नाकारलें, जेवढें तापविलें, त्या प्रत्येकाचा जबाब ती देते. मात्र तो विचारणाऱ्याच्या सोयीनें देत नाहीं. ती कधीं वीस दिवस गप्प राहते, कधीं सात वर्षें. आणि मध्यंतरींच्या मौनाला संमति समजणारा फसतो. लॉज-गिल्बर्ट दोन उन्हाळ्यांत फसले. परंतु त्यांनींच मांडलेलें शेत पावणेदोनशें वर्षें चालू राहिलें, म्हणून पुढच्यांना खरें ऐकूं आलें.

आपल्या मुलुखाला हें विशेष लागू आहे. दख्खनची जमीन काळी, म्हणून ती कसदार कुजकट द्रव्यानें भरलेली असावी, असा पुष्कळांचा समज असतो. तो रंग बहुतांशीं तिच्या खनिजांचा आहे. पुष्कळ ठिकाणीं कर्ब शंभरांत एक भागही भरत नाहीं. आमच्या उन्हांत जंतूंची भूक मोठी आणि ठेव लहान. तींतून आपण उचल करीत आहों, आणि शहरांतल्या आपल्या घरांतून रोज निघणारी भाजीचीं देठें, सालें आणि खरकटें, जें कधीं काळीं उकिरड्याच्या वाटेनें शेताला परत जात असे, तें आतां गांवाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरांत पुरलें जाऊन हवा बिघडवीत आहे. त्यानें पृथ्वीचें तापणें थांबेल असें मी म्हणणार नाहीं. धुराचा हिशेब धुराच्याच ठिकाणीं चुकता करावा लागेल. परंतु वाड आणि हॉवर्ड यांनीं इंदुरास दाखविलेली वाट आजही मोकळी आहे, आणि हूसफील्डच्या त्या वीस वर्षांच्या शेणखताची साक्ष आपल्यापाशीं आहे. आपण आज मातीला जें देऊं किंवा तिच्याकडून जें घेऊं, त्याचा जबाब बहुधा आपल्याला ऐकूं येणार नाहीं. तो आपल्या नातवंडांना ऐकूं येईल. आणि तेव्हां प्रश्न कोणी विचारला होता, हेंही त्यांना कळल्यावांचून राहणार नाहीं.